‘थांबू नका, पुढे निघा’ हा सल्ला मागे घ्या

घाटमाथा : कालच्या धाग्यात ‘स्टेअरिंग’ यांनी लिहिलं, "धडक झाली की काच खाली करू नका, उतरू नका, पुढे निघा. लोक गाडी फोडतात." खाली सहमतीची रांग लागली. वाचून इतका संताप आला की वेगळा धागा काढतोय.

२००९ मध्ये खंबाटकीच्या उतारावर माझ्या काकांच्या मोटारसायकलला एका कारने उडवलं. कार थांबली नाही. काका कठड्याजवळ अंधारात पडून राहिले. शेवटी एका टेम्पोवाल्याने उचलून शिरवळला नेलं. जीव वाचला, गुडघा कायमचा गेला. त्या कारवाल्यालाही कुणीतरी असाच सल्ला दिला असणार. जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ वाचा.

स्टेअरिंग : काकांचं वाचून वाईट वाटलं. पण कलम अर्धंच सांगू नका. जमावाच्या रागामुळे शक्य नसेल तर सूट आहे, हे त्यातच लिहिलंय. २०१७ मध्ये नगर रोडला मी थांबलो होतो. स्कूटरवरच्या बाई पडल्या, मी पाणी घेऊन उतरलो, तर पहिली थप्पड मला. चष्मा फुटला. आत बायको आणि सहा वर्षांची मुलगी रडत होत्या. त्या बाई उलट्या बाजूने आल्या होत्या, पण आपल्याकडे चूक नेहमी मोठ्या गाडीचीच.

घाटमाथा : सूट फक्त उपचारांच्या जबाबदारीला आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं, आणि मदत का करता आली नाही तेही सांगायचं. हे तुमच्या सल्ल्यात कुठे होतं?

सोनकी : थांबावं, पण पोलीस आणि विम्याच्या फंदात पडू नये. मी एका रिक्षावाल्याला जागेवर ३००० दिले, विषय संपला. क्लेम केला असता तर चार वर्षं सांभाळलेला ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेली असती.

विमेकरी : हा गैरसमज जन्माचा चिकटलाय. बोनस आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो. समोरच्याने थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे त्याला झालेल्या नुकसानीचा, दावा केला, तर तेवढ्यामुळे तो जात नाही. रोख देऊन मिटवलंत आणि आठवड्याने तोच माणूस मान दुखते म्हणून चौकीत गेला, तर तुमच्या हातात काय? लागलेल्या माणसाला भरपाईच्या अर्जासाठी सहा महिने असतात. गाड्या हलवण्याआधी नंबर प्लेट दिसतील असे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा.

सोनकी : तुम्ही विम्यातले, दुसरं काय सांगणार? माझ्या भावाच्या गाडीचं नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर नऊ दिवस फिरकला नाही. गॅरेजवाल्याने जागेचं भाडं लावलं, ते कुणी दिलं? भावाने.

विमेकरी : नऊ दिवस लावणं चूकच. त्याची लेखी तक्रार करा. पण म्हणून रस्त्यावर पाकीट उघडू नका. निदान त्याच्याकडून लिहून तरी घेतलंत का?

सोनकी : नाही. भर पावसात कुठे लिहून घेणार?

दुचाकीवाली : बोनस, बंपर, भाडं! धागा पडलेल्या माणसाबद्दल होता. गेल्या पावसाळ्यात नवले पुलाजवळ एक मुलगा घसरला. वीसेक जण उभे, निम्मे व्हिडिओ काढत होते. मी ओढणीने जखम दाबून धरली, एकाला १०८ लावायला लावला. दवाखान्यात नाव विचारलं, मी दिलं नाही, तरी कुणी अडवलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, २०१९च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आलं. २०२५ पासून जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आहे. हे सगळं कुणाला सांगायचं, पळून जाणाऱ्याला?

स्टेअरिंग : मी पळालो नव्हतो, मार खाल्ला होता. तरी ‘पुढे निघा’ एवढंच लिहायला नको होतं, मान्य. पण मुलगी गाडीत असताना त्या गर्दीत मी पुन्हा उतरणार नाही. दोनशे मीटरवर थांबेन, दारं बंद ठेवून १०८ आणि ११२ लावेन, मग चौकीत जाईन.

घाटमाथा : दोनशे मीटरवर थांबून फोन केलात तर माझं तुमच्याशी भांडण नाही. काकांच्या वेळी तेवढंही कुणी केलं नाही. आधी तो सल्ला बदला.

स्टेअरिंग : बदलला. थपडेचा मजकूर मात्र तसाच ठेवलाय, तो काढणार नाही.