घरी मराठी, शाळेत गुजराती: पावणेचार वर्षांच्या मुलाची शाळेसाठी तयारी कशी करावी?

मांजलपूरची आई

नमस्कार. आम्ही बडोद्यात राहतो. आमचा मुलगा ऑगस्टच्या अखेरीस चार वर्षांचा होईल आणि जूनमध्ये त्याची शाळा सुरू व्हायची आहे. घरात आजी-आजोबांसह सगळे मराठीच बोलतात. शेजारच्या मुलांबरोबर खेळून त्याला गुजराती थोडेफार समजते, पण उत्तर तो मराठीतच देतो. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी तेथील बेन (शिक्षिका) लहान मुलांशी बहुतेक वेळ गुजरातीत बोलतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की मुलगा शंभरपर्यंत अंक म्हणतो, तेव्हा नर्सरीत वर्ष न घालवता त्याला थेट ज्युनिअर केजीत घालावे. मला काळजी अंकांची नाही. तो माझ्याशिवाय दोन तासही कोठे राहिलेला नाही, आणि त्याला काय हवे आहे ते शाळेत कोणाला कळलेच नाही तर काय, या विचाराने माझी झोप उडाली आहे. हातात अडीच महिने आहेत. घरी आत्तापासून गुजराती बोलायला लागावे का?

दोन मुलांचे बाबा, कारेलीबाग

ताई, आधी वर्गाचा निर्णय करा. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच पहिलीत प्रवेश मिळतो. तुमचा मुलगा यंदा ज्युनिअर केजीत बसला, तर दोन वर्षांनी १ जूनला तो पाच वर्षे नऊ महिन्यांचा असेल, म्हणजे तीन महिने कमी पडतील. नर्सरीतून गेला तर पहिलीच्या वेळी पावणेसात वर्षांचा असेल आणि कोणताही प्रश्न उरणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पहिलीपूर्वीची तीन वर्षे धरलेली आहेत, त्यामुळे नर्सरीचे वर्ष वाया जाते असे समजू नये. आमच्या थोरलीला आम्ही घाईने पुढे घातले होते. नियम लागू झाला तेव्हा तिला सिनिअर केजी पुन्हा करावे लागले. बरोबरच्या मैत्रिणी पहिलीत गेल्या आणि ही त्याच वर्गात राहिली, ते तिला फार लागले, आणि त्या चुकीचे मला आजही वाईट वाटते.

भाषेबद्दल माझे मत असे आहे, की रोज तासभर घरी सगळ्यांनी गुजरातीतच बोलावे. सवय लवकर होते.

निवृत्त बालवाडी शिक्षिका, दांडिया बाजार

वर्गाबद्दल वर सांगितले आहे ते अगदी योग्य आहे. घरी गुजराती बोलण्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. आईने अचानक भाषा बदलली, की मूल गोंधळते आणि नेमके मन मोकळे करायचे तेव्हाच गप्प होते. मराठीत ज्याला गोष्ट सांगता येते, ते मूल गुजराती चार महिन्यांत अंगणातच उचलते. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि पुढे आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तेथे काम करू लागल्या. मुलाला त्याच्या स्वतःच्या भाषेतून शिकू द्यावे, हा त्यांचा आग्रह आम्ही बालवाडीत रोज खरा ठरताना पाहिला.

तरीही गरजेची चार वाक्ये त्याला पक्की करून द्या: ‘मारे बाथरूम जवुं छे’, ‘मने पाणी आपो’, ‘दुखे छे’ आणि ‘मने नथी फावतुं’ (मला जमत नाही). पहिले वाक्य तर नक्कीच. माझ्या शाळेत एक मराठी मुलगा पहिल्याच आठवड्यात ‘शू, शू’ म्हणत एका बेनकडे गेला. गुजरातीत ‘शुं’ म्हणजे ‘काय’. मूल काहीतरी विचारते आहे असे समजून त्या प्रेमाने त्याच्याशी बोलत राहिल्या, आणि तोवर त्याची चड्डी ओली झाली. त्यानंतर आठवडाभर तो दारातून आत येईना. चूक कोणाचीच नव्हती, पण घरातला शब्द बेनना आधी सांगून ठेवला असता तर ते टळले असते. तुम्ही असे पाच-सहा शब्द एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. बटणाची पँट नको, इलॅस्टिकची चड्डी घाला, आणि शाळेचे शौचालय त्याला आधीच एकदा दाखवून आणा.

दूर राहण्याची सवय मात्र आजपासूनच लावायला हवी. त्याला आजीकडे सोपवून प्रथम वीस मिनिटे बाहेर जा, मग तासभर, मग दोन तास. जाताना लपून जाऊ नका. लपून गेलेल्या आईला मूल पुढचे कित्येक दिवस डोळ्यांसमोरून हलू देत नाही. ‘लवकर येते’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुझा डबा खाऊन झाला आणि गोष्ट झाली, की मी येते’ असे सांगा, कारण घड्याळ कळत नसले तरी डबा त्याला कळतो. आणि सांगितल्या वेळी खरोखर परत या.

अक्षरे गिरवून घेऊ नका. त्याऐवजी कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, डब्याचे झाकण त्याचे त्याला उघडू द्या. बोटांत बळ आले की पेन्सिल आपोआप धरता येते.

नातवंडांची आजी, वाडी

बेनचे म्हणणे मनापासून पटले. वर्धीच्या, म्हणजे मुलांना शाळेत ने-आण करणाऱ्या रिक्षेबद्दल सांगावेसे वाटते, की पहिला महिनाभर शक्य असेल तर घरच्याच कोणीतरी एकाने सोडावे आणि आणावे. अनोळखी काका आणि अनोळखी वर्ग हे दोन्ही एकदम नको. डब्यात पहिल्या दिवशी नवलाई नको, त्याच्या सवयीचे थालीपीठ द्यावे, तेही अर्धेच. या वयाच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते, म्हणून मे महिन्याच्या मध्यापासून झोपण्याची वेळ पाव-पाव तासाने अलीकडे आणावी. सुट्टीत आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत जागणे होते आणि जूनमध्ये त्याचा त्रास मुलाला होतो.

मांजलपूरची आई

सर्वांचे मनापासून आभार. वयाचा हिशेब आज घरी मांडून दाखवला आणि नर्सरी निश्चित झाली. घरी मराठीच राहील. शब्दांचा कागद लिहायला घेतला आहे, आणि संध्याकाळी त्याला आजीजवळ ठेवून मी खाली भाजी आणायला जाऊन आले. तो दारात थोडा रडला. परत आले तेव्हा आजीबरोबर वाटाणे सोलत बसला होता.