तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा हवीच का?

टिबुकली

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस एक निवेदन फिरतंय. पुण्यातल्या पाषाण तलावाभोवती पूर्ण गोल, सलग, पक्का वॉकिंग ट्रॅक व्हावा, दिवे लागावेत, जमल्यास ओपन जिम. मी सही केली नाही, त्यामुळे लिफ्टमध्ये आता "काय मग, पक्षी काय म्हणतायत?" असं विचारलं जातं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा तलाव म्हणजे मुळात राम नदीवर घातलेला बांध. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला, म्हणजे आजच्या विद्यापीठाला, पाणी मिळावं म्हणून इंग्रजांच्या काळात झालेलं काम. बांधाकडे पाणी खोल आणि काठ उभा. नदी जिथून आत येते तिकडे वर्षानुवर्षं गाळ साचून पाणी उथळ झालंय, पाणकणीस माजलंय. तळ्याची खरी गंमत त्याच बाजूला. पाणकावळ्याला बुडी मारायला खोल पाणी लागतं, पण शेकाट्या आणि तुतवार या पक्ष्यांना घोट्याएवढंच पुरतं. तेवढं पाणी असतं फक्त काठाला. तिथून ट्रॅक न्यायचा तर आधी भराव टाकावा लागणार, आणि भराव पडला की उथळ पाणी संपलं. तळं राहील, पण पाण्याने भरलेल्या बादलीसारखं.

गेल्या रविवारी साडेसहाला गेले होते. एक जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोंब उपटून एका पायात धरून, आपण पोळीची गुंडाळी खातो तशी टोकाकडून खात होती. मी जेमतेम वीस पावलांवर. तेवढ्यात मागून चौघे आले, एकाच्या खिशात मोबाईलवर गाणी मोठ्याने चालू. पाणकोंबडी आत गेली ती गेलीच.

माझं म्हणणं एवढंच: बांधाच्या बाजूची वाट चांगली करा, म्हाताऱ्यांना चालेल अशी करा. पण जाऊन परत या. पूर्ण फेरी नको.

रोलरवाला

३१ वर्षं रस्त्याच्या कामात काढली, म्हणून लिहायचा अधिकार गृहीत धरतो.

पहिली गोष्ट, 'जाऊन परत या' हे कागदावर छान दिसतं. माणसाला आलेल्या वाटेने परत जायला आवडत नाही. तुम्ही वाट संपवाल तिथून लोक स्वतःची पायवाट पाडतील, आणि ती बरोब्बर तुमच्या पाणकणसातून जाईल. आखलेली वाट नसली की चिखल चुकवत चुकवत तीच वाट दहा फूट रुंद होते, हे कुठल्याही टेकडीवर जाऊन बघा.

दुसरं, पक्का म्हणजे काँक्रीटच असं कोणी सांगितलं? मुरूम आणि वर बारीक कच, नीट पाणी मारून रोलरने दाबायचा, मधोमध थोडा उंचवटा ठेवायचा म्हणजे पाणी दोन्ही अंगांना उतरतं. पावसाळ्यानंतर दरवर्षी डागडुजी लागते, हे मान्य. आणि उथळ भागात भराव कशाला? खांबांवर लाकडी फळ्यांची वाट करा. खालून पाणी वाहतं, पक्षीही फिरतात.

टिबुकली

फळ्यांवर माणसं पाय आपटत धावली तर खाली कुठला पक्षी फिरणार, काका? पाणी वाहील, ते मान्य.

आईची_काठी

टिबुकली, राग मानू नका, पण तुमचं निसर्गप्रेम दोन धडधाकट पायांवर उभं आहे.

माझी आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. मागच्या हिवाळ्यात तिला एका तळ्यावर घेऊन गेले (कुठलं ते सांगत नाही, सगळीकडे हेच आहे). दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून गेटवर लोखंडी खांब, त्यातून खुर्ची जाईना. वॉचमनने बाजूचं फाटक उघडून दिलं. आत पन्नास पावलांवर 'नैसर्गिक वाट' सुरू झाली. पुढची छोटी चाकं मुरमात रुतली. मी मागून ढकलतेय, खुर्ची पुढे न जाता कलंडतेय. आई म्हणाली, "राहू दे गं, गाडीतूनच बघू पाणी." मग आम्ही गाडीतून पाणी बघितलं. म्हणजे कंपाउंडची भिंत बघितली.

त्यामुळे 'मातीचीच वाट हवी' म्हणणाऱ्यांचा मला जरा कंटाळा आला आहे. रोलरवाला काका, तुमचा तो बारीक कचसुद्धा ओला झाला की चाक धरून ठेवतो. मला हवंय ते फार नाही. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. खुर्चीशेजारी माणूस चालेल एवढी रुंदी. थोड्या थोड्या अंतरावर पाठ टेकायला बाक. आणि एक बरं स्वच्छतागृह, ज्याबद्दल कुठल्याच पक्षीप्रेमी निवेदनात ओळ नसते.

पूर्ण फेरीच्या निवेदनावर मी सही केलीय. अर्धीच वाट म्हणालात तर ती अर्धीसुद्धा तुमच्याच सोयीची होणार.

पवईकर

पुण्याचं मला फार माहीत नाही, पण आमच्याकडे हा सिनेमा होऊन गेलाय.

पवई तलाव १८९१ चा. मुंबईला पाणी द्यायला बांधला, पण पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, आता इतर वापराला जातं. काठावर मगरी ऊन खातात. तर या तलावाभोवती पालिकेने सायकल आणि चालण्याचा ट्रॅक काढला. २०२१ च्या शेवटी काम दिसू लागलं. काँक्रीट नाही, दगड भरलेल्या जाळ्यांच्या पेट्या, त्यातून पाणी झिरपतं, पर्यावरणपूरक वगैरे. रोलरवाला काका म्हणतायत त्याच चालीचं.

आयआयटीचे विद्यार्थी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ ला उच्च न्यायालयाने ट्रॅक बेकायदा ठरवला आणि टाकलेलं सगळं काढून काठ पूर्ववत करायला सांगितलं. पाणथळीचे २०१० चे नियम होते, त्यातल्या चौथ्यानुसार त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून कायमचं बांधकाम चालत नव्हतं. २०१७ चे नवे नियम पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळतात, त्यामुळे 'हा मानवनिर्मित, ही पाणथळ नव्हेच' असा युक्तिवाद होतो. पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी देशभरातल्या २,०१,५०३ पाणथळींना त्या चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार जपायला सांगितलं होतं.

तेव्हा निवेदन देण्याआधी ५० मीटर मोजून बघा.

कोल्हापुरी_पायताण

तुम्ही लोक तळ्याला देव्हाऱ्यात बसवा आणि कुलूप लावा. एकदा आमच्या रंकाळ्यावर या. सकाळी फिरणारे, संध्याकाळी भेळ खाणारे, पदपथ उद्यानात पोरंबाळं. अख्खं गाव रंकाळ्यावर असतंय. म्हणून रंकाळ्यात जरा जरी फेस दिसला की दुसऱ्या दिवशी बोंब. जिथं माणूस फिरकत नाही त्या तळ्याचं काय हुतंय, सांगू? एका अंगानं राडारोडा पडतो, मग शेड येतंय, मग प्लॉट. तळं कवा गेलं ते कुणाला कळतबी न्हाई. माझ्या बघण्यातली दोन अशी गेली.

पक्षी उडून जातोय, परत येतोय. प्लॉट पडला की परत येत न्हाई.

टिबुकली

पायताणराव, हा मुद्दा मला खरंच टोचला. राडारोड्याचं अगदी खरं आहे.

पण तलावावर लोकांचं लक्ष असणं आणि तलावाभोवती गोल फिरणं, हे एकच आहे का? नांदूर मध्यमेश्वर बघा. तेही धरणाने झालेलं, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं. तरीही २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं (मानवनिर्मित म्हणून पाणथळ नव्हे म्हणणाऱ्यांनी हे वाचावं). तिथे कोणी प्रदक्षिणा घालत नाही. लोक ठरलेल्या वाटेने मनोऱ्यापर्यंत जातात, दुर्बिणीतून बघतात, परत येतात. आणि गावाचं पूर्ण लक्ष असतं.

पवईकर

नांदूर मध्यमेश्वरला लोक पक्षी बघायला जातात. पाषाणला डॉक्टरने सांगितलंय म्हणून जातात. फरक आहे.

रात्रपाळी

सगळे सकाळी साडेसहाचं बोलतायत. मी घरी पोचते संध्याकाळी साडेसातला. मला चालायचं असेल तर तेव्हाच, आणि अंधाऱ्या वाटेवर एकटी बाई चालत नाही. दिवे नकोत म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे की मी कुठे चालू? हायवेच्या सर्व्हिस रोडवर?

टिबुकली

दिवे नकोतच असं नाही म्हणणार. पण उंच खांबावरचे पांढरे प्रखर दिवे नकोत, ते अर्ध्या तळ्यावर पडतात आणि रातथाऱ्याला आलेले बगळे रात्रभर फडफडत राहतात. गुडघ्याएवढे, पिवळसर, खाली तोंड केलेले, फक्त बांधावर, आणि नऊ-साडेनऊला बंद. चालेल?

रात्रपाळी

दहा करा.

मधूकाका

वरचं सगळं वाचलं. ट्रॅक गोल की अर्धा, दिवा पिवळा की पांढरा. राम नदीतून येतं काय, ते कोणी लिहिलं का? बावधनपासून खाली जे नदीला मिळतं ते नाकाला कळतं. जलपर्णी आपोआप येत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही बया सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते, तुम्ही यंत्राने काढा, काही आठवड्यांत परत हजर. आधी वरच्या अंगाला मैलापाणी अडवा. नाहीतर बांधाल तो ट्रॅक गटाराभोवतीचा असेल, आणि पक्षी म्हणून डास.

रोलरवाला

मधूकाकांशी शंभर टक्के सहमत. फक्त 'आधी ते करा' म्हटलं की आपल्याकडे तेही होत नाही आणि हेही होत नाही.

बाकी पवईकरांचे ५० मीटर मी दुपारी नकाशावर लावून बघितले. ढोबळच, कारण पूररेषा नकाशावर नाही. बांधाची बाजू वेगळी काढली तरी उरलेली फेरी बऱ्याच ठिकाणी त्या पट्ट्यात येते. माझे फळ्यांचे खांबही कायमचं बांधकामच म्हणायचं. तेवढा भाग मी मागे घेतो. मात्र आईची_काठी यांचं म्हणणं बांधाच्या बाजूला तंतोतंत करता येईल. कच नको, घट्ट सपाट पृष्ठभाग. जी वाट आहे तिच्यावरच. तळ्याला धक्का नाही.

टिबुकली

मग निवेदन असं बदलूया का? बांधाच्या बाजूला खुर्ची जाईल अशी सपाट वाट, गेटवर खुर्ची जाईल अशी फट, बाक, स्वच्छतागृह, खाली तोंड केलेले दिवे दहापर्यंत. नदीच्या तोंडाशी वाट नाही, दिवा नाही, फक्त राडारोडा टाकणाऱ्यांवर लक्ष ठेवायला चौकी. आणि सगळ्यात वर मधूकाकांचं मैलापाणी.

आईची_काठी, शनिवारी पावणेसातला याल का आईंना घेऊन? खुर्ची नेमकी कुठे अडते ते आपणच बघू. मी दुर्बीण आणते.

रोलरवाला

१५ मीटरची टेप आहे माझ्याकडे. उतार मोजायला पाण्याची लेव्हलही आणतो.

आईची_काठी

आईला वाचून दाखवलं. येते म्हणाली, पण पावणेसात तिला जमणार नाही, आठ करा. पाणकोंबडीला तसं कळवा.

आणि पूर्ण फेरीवरची माझी सही मी अजून मागे घेतलेली नाही.