विलायतेत पैसे भरायचे अन् दवाखाना नागपूरचा, हे कसलं शहाणपण?

सोमलवाडाकर :
डिसेंबर-जानेवारीत धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही डेंटिस्टकडे जाऊन बघा. बाकावर लंडन, टोरंटो, मेलबर्नहून आलेली मंडळी बसलेली असतात. रूट कॅनाल, एमआरआय, फुल बॉडी चेकअप, चष्मा, सगळं सुट्टीत कोंबायचं आणि वर आपल्यालाच ऐकवायचं, "तिकडे डॉक्टर भेटतच नाही हो."

ब्रिटनचंच घ्या. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्याला व्हिसाबरोबरच एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ७७६. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे पैसे एकदम, आगाऊ. नवरा, बायको, दोन मुलं, पाच वर्षं : १८,११० पौंड. म्हणजे वीस लाखांच्या घरात. एवढे मोजून तिथल्या जीपीकडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडे, वर्ष-वर्ष नावच नोंदवत नाहीत. ताप चढला की मग धावाधाव. हक्क विकत घेतलाय तर वापरा ना. नाहीतर निदान नावं ठेवू नका.

लीड्सवाली, मूळची महालातली :
काका, तुम्ही सोमलवाड्यात बसून सांगून राहिले, रांगेत आम्ही उभे हाओ. गुडघा दुखते म्हणून जीपीकडं गेली, तं आधी गोळ्या, मंग फिजिओ, मंग वाट पाहा. तज्ज्ञाकडं पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावा, असं एनएचएसचंच उद्दिष्ट हाये. इंग्लंडातल्या वेटिंग लिस्टवर सत्तर लाखांच्या वर नोंदी! दाताचे तं एनएचएसमधेही वेगळे पैसे पडते, अन् नवा पेशंट घेणारा डेंटिस्ट सापडला तं नशीब.

अन् हिशेब पुरा सांगा ना. अधिभार भरलाच, वरून पगारातून टॅक्स कापते, नॅशनल इन्शुरन्स नावाची सरकारी वर्गणीही कापते. गोऱ्या शेजाऱ्याले एकदा, मले दोनदा. मंग मी रामदासपेठेत दुसऱ्या दिवशी एमआरआय काढला तं तुमच्या पोटात काहून दुखते?

वॉर्डातली सिस्टर, बर्मिंगहॅम :
नर्सिंग नागपुरातच केलं, आता इथे नोकरी. आम्हा हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो अधिभार माफ आहे, तेव्हा "तुझं काय जातंय" असं कुणी म्हणेलच. म्हणा.

ताई, दोनदा पैसे घेतात ते अन्यायाचंच आहे, तिथे मी तुमच्या बाजूने. पण रांग कशाने ठरते तेही सांगा. गुडघा थांबतो, कारण तो थांबू शकतो. कॅन्सरची शंका आली तर तातडीने पाठवल्यापासून २८ दिवसांत हो की नाही ते कळवायचं, असं उद्दिष्ट आहे. तेही दरवेळी गाठलं जात नाही, पण पेशंटचा खिसा कुणी चाचपत नाही. माझ्या वहिनीचं बाळंतपण इथे झालं. मिडवाइफ घरी येऊन बाळ बघून जायची. गरोदरपणात आणि नंतर वर्षभर औषधं फुकट, दातसुद्धा. शेवटी सिझेरियन झालं, तरी बिल नावाचा कागद घरी आला नाही. रामदासपेठेत हे कुठे मिळतं सांगा, मी उद्या परत येते.

लीड्सवाली :
बाळंतपणाचं खरं हाये, तिथं मी बोलत नाई. पण नाव नोंदवा, नाव नोंदवा म्हणता, ते तरी सोपं हाये का? आम्ही नवीन आलो तवा रिसेप्शनवर पत्त्याचा पुरावा मागे. भाड्याच्या खोलीत राहून राहिलो, लाइटबिल घरमालकाच्या नावावर. कुठून आणू?

वॉर्डातली सिस्टर :
पुरावा नाही म्हणून जीपीला नाव नाकारता येत नाही, एनएचएसचाच नियम आहे. काउंटरवरच्या कित्येकांना तो माहीत नसतो. नियमाचं पान छापून न्यायचं आणि तिथेच उभं राहायचं.

श्टुटगार्टकर :
ब्रिटनच्या बाहेरही जग आहे मंडळी. इथे जर्मनीत सरकारी विम्याचा हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, वर थोडा जादा, अर्धा मी आणि अर्धा कंपनी. परका म्हणून वेगळा अधिभार नाही, सहकाऱ्याचं जे कापलं जातं तेच माझं. बायको नोकरी करत नाही. ती आणि मुलगी त्याच हप्त्यात, फुकट. त्वचेच्या डॉक्टरची तारीख मात्र इथेही महिन्यांनी मिळते, त्यामुळे सोमलवाडाकरांनी रंगवलेला स्वर्ग मलाही अजून दिसलेला नाही.

मेडिकलचा रेसिडेंट :
सगळं वाचलं. "नागपुरात लगेच होतं" म्हणता, ते कुठल्या नागपुरात? तुमचं नागपूर धंतोली ते रामदासपेठ एवढंच आहे. मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत या एकदा. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा, रात्रीच्या गाडीने आलेली माणसं केसपेपरच्या रांगेत असतात. त्यांना दुसऱ्या दिवशी एमआरआय असं कुणी म्हणत नाही. पौंडात कमावून रुपयात रांग चुकवायची, याला "भारतातली व्यवस्था चांगली" म्हणू नका. तो तुमचा एक्स्चेंज रेट आहे.

आणि परक्या मुलखातला दवाखाना म्हणजे फक्त व्हिसावाल्यांचा प्रश्न नाही. छिंदवाड्याचा मजूर इथे वर्षानुवर्षं स्लॅब टाकतो, पण मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेला महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा रहिवासी दाखला लागतो. केंद्राच्या योजनेचं आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर चालतं, पण ते गावी पत्र्याच्या पेटीत. बायकोला फोन करून फोटो मागवण्यात सकाळ जाते.

सोमलवाडाकर :
डॉक्टर, हे पटलं. पण याने माझंच म्हणणं खरं होतं की. एनआरआय इथे येऊन गर्दीत भर कशाला घालतात?

मेडिकलचा रेसिडेंट :
आमच्या गर्दीत ते नसतातच हो. तोच तर मुद्दा आहे.

लीड्सवाली :
डॉक्टर, मले शिव्या देऊन गुडघा बरा होत असंन तं द्या. नाई तं मी येनारच.

त्रिमूर्तीनगरची आई :
तुमचं भांडण चालू द्या, मला एक सांगा. उन्हाळ्यात मुलाकडे मँचेस्टरला जाणार आहे, सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. मुलाने-सुनेने अधिभार भरलाय. त्यात माझं भागेल ना? मला बीपी आहे.

वॉर्डातली सिस्टर :
नाही काकू, तो त्यांचा त्यांच्यापुरता. तुम्हाला जीपीने तपासलं किंवा इमर्जन्सी विभागात प्राथमिक उपचार झाले तर पैसे नाहीत. पण वॉर्डात दाखल झालात की बिल सुरू, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकले तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. प्रवासविमा काढाच, आणि त्यात बीपी लिहा. एजंट म्हणेल, "कशाला दाखवता, हप्ता वाढेल." ऐकू नका, लपवलेल्या आजारावरूनच क्लेम अडतो. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या सोबत घ्या. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणा, आपल्याकडचे ब्रँड इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाहीत.