सामाजिक उद्दिष्ट असलेल्या व्यवसायांनी एकत्रित आवाज उभारावा का?

पायवाट (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात मी एका कार्यालयाच्या निविदेचा अर्ज भरत होते. काम जुन्या दप्तरांच्या पुनर्बांधणीचे होते आणि आमची कार्यशाळा नेमके तेच काम करते. आमच्याकडील निम्म्याहून अधिक कारागिरांना ऐकू येत नाही, आणि नफ्याचा मोठा हिस्सा नव्या कारागिरांच्या प्रशिक्षणावरच खर्च करायचा, असे आमच्या नियमावलीत लिहिलेले आहे. अर्जातील ‘संस्थेचा प्रकार’ या रकान्यात व्यक्ती, भागीदारी, कंपनी आणि धर्मादाय संस्था एवढेच पर्याय होते. कंपनीवर खूण केली की उलाढालीची अशी अट लागू होत होती जी आम्हाला झेपणारी नव्हती, आणि धर्मादाय संस्थेवर खूण केली की व्यावसायिक कामाची निविदा भरण्याचा हक्कच उरत नव्हता. चौकशी केल्यावर लिपिकाने अगदी सौजन्याने सांगितले, “अडचण कळते, पण असे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

तो ‘पहिल्याच’ शब्द माझ्या मनातून जात नाही, कारण हाच प्रश्न निरनिराळ्या कार्यालयांत विचारून परतलेले आणखी तीन व्यवसाय मला माहीत आहेत. चौघांनाही आपण पहिलेच आहोत असे सांगितले गेले. एकेकट्याने मांडलेली अडचण ही तक्रार ठरते आणि ती त्या टेबलावरच संपते.

ब्रिटनमध्ये अशा व्यवसायांनी २००२ मध्ये एक संयुक्त संघटना उभी केली. २००५ पासून तेथे ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ हा स्वतंत्र कायदेशीर प्रकार उपलब्ध झाला, ज्यात कंपनीची मालमत्ता समाजहितासाठी बांधलेली राहते आणि ती भागधारकांना आपसांत वाटून घेता येत नाही. पुढे २०१२ मध्ये, सार्वजनिक संस्थांनी सेवांची कंत्राटे देताना सामाजिक हिताचाही विचार करावा, असा कायदा तेथे संमत झाला आणि त्यामागे या संघटनेचा पाठपुरावा होता. आपणही असे व्यासपीठ उभारावे असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

जमाखर्च

आपल्या अडचणीबद्दल शंका नाही, उपायाबद्दल आहे. अनेक संघटनांचे हिशेब तपासण्यात माझा बराच काळ गेला आहे आणि त्यांचा प्रवास साधारण सारखाच दिसतो. पहिल्या वर्षी सभासद वर्गणी देतात, दुसऱ्या वर्षी निम्मे देतात, तिसऱ्या वर्षी कार्यालय चालवण्यासाठी देणगीदार शोधला जातो, आणि त्यानंतर संघटना जे बोलते ते देणगीदाराला ऐकायला आवडेल असेच असते. ज्यांनी वर्गणी दिली नाही त्यांनाही संघटनेने मिळवलेल्या सवलतीचा लाभ मिळतोच, त्यामुळे वर्गणी थकवणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही.

त्याहून गंभीर बाब अशी की सामाजिक हेतूची संघटना आपल्याच सभासदांना आवरू शकत नाही. भारतातील सूक्ष्म वित्तसंस्थांचे, म्हणजे गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांचे, उदाहरण पाहावे. त्यांची एक संघटना १९९९ पासून होती आणि दुसरी २००९ मध्ये स्थापन झाली. दोन्हीकडे आचारसंहितेची भाषा होती. तरीही आंध्र प्रदेशात एकाच कुटुंबाला अनेक संस्थांनी कर्जे दिली, वसुलीचा जाच वाढला, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. आवाज होता आणि तो सरकारदरबारी पोहोचतही होता, मात्र घरातल्या माणसाला ‘पुरे’ म्हणण्याची ताकद त्यात नव्हती. संकट आले तेव्हा प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्थाही त्याच एका नावाखाली बदनाम झाल्या. एकत्रित आवाजाची किंमत ही अशीही मोजावी लागते.

तिसरा कोपरा

‘जमाखर्च’ यांचे उदाहरण योग्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अर्धवट वाटतो. त्याच क्षेत्रातील त्याच संघटनांना पुढे, २०१४ आणि २०१५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने स्वयंनियामक संस्था, म्हणजे आपल्याच सभासदांवर देखरेख ठेवणारी संस्था, म्हणून मान्यता दिली. म्हणजे संघटना असणे ही चूक नव्हती, तिला दात नसणे ही चूक होती.

माझा आक्षेप वेगळा असून तो धागाकर्तीच्या मांडणीतील ‘एक’ या शब्दावर आहे. इटलीत सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा १९९१ मध्ये झाला. ज्या संस्था रोजगारापासून दुरावलेल्यांना काम देतात, त्यांच्या कामगारांपैकी किमान ३० टक्के लोक अशा वंचित गटांतील असावेत अशी त्यात अट आहे, आणि त्या कामगारांपुरती सामाजिक विम्याच्या हप्त्यांत सूट आहे. आता गंमत पाहा. हा कायदा झाला तेव्हा इटलीतील सहकाराचा आवाज एक नव्हताच. डाव्या परंपरेतला महासंघ निराळा होता, कॅथलिक परंपरेतला निराळा होता आणि त्यांचे विचार जुळत नव्हते. त्यांची समान आघाडी २०११ मध्ये झाली, म्हणजे कायद्यानंतर तब्बल २० वर्षांनी. मागणी नेमकी असेल तर भिन्न सुरांतूनही ती पुढे सरकते. आधी महासंघ, मग त्याची घटना, मग बोधचिन्ह आणि त्यानंतर मागणी, हा क्रम मला उलटा वाटतो.

अर्धविराम

बोधचिन्हाचा उल्लेख वाचून हसू आले, कारण मी तशा एका बैठकीला बसलो होतो. सकाळी दहाला सुरू झालेली ती बैठक दुपारी तीनपर्यंत एकाच वाक्यावर चालली. सभासद कोण होऊ शकेल हे ठरवणाऱ्या त्या वाक्यात “ज्याचा हेतू प्रामुख्याने सामाजिक आहे” असे शब्द होते आणि सगळा वाद ‘प्रामुख्याने’ या शब्दावर होता. कोणी नफ्याच्या निम्म्याची अट सुचवली, कोणी दोन तृतीयांशाची. एका सभासदाने विचारले, ज्या वर्षी नफाच झाला नाही त्या वर्षी आमचा हेतू काय समजायचा? त्या प्रश्नाला शेवटपर्यंत कोणाकडेही उत्तर नव्हते. बैठक पुढील तारखेवर गेली आणि ती तारीख आजवर आलेली नाही.

तरीही व्याख्या टाळता येईल असे मला वाटत नाही, आणि येथे मी ‘तिसरा कोपरा’ यांच्याशी असहमत आहे. सवलत मागायची असेल तर ती कोणासाठी, हे सांगावेच लागते; नाहीतर उद्या कोणतीही कंपनी आपल्या अहवालात चार हसरे चेहरे छापून त्याच रांगेत उभी राहील. फ्रान्सने २०१४ च्या कायद्यात सहकारी संस्था, परस्पर विमा संस्था, प्रतिष्ठाने आणि संघ यांच्याबरोबर व्यापारी कंपन्यांनाही जागा दिली. परंतु त्यांच्यासाठी कारभार आणि नफ्याचा विनियोग यांबाबतच्या अटी घातल्या. दार मोठे ठेवले तरी उंबरठा असावा, असे मला यातून दिसते. उंबरठा कोठे घालायचा यावरून न्याय्य व्यापाराची, म्हणजे उत्पादकांना रास्त भाव मिळवून देऊ पाहणारी, चळवळसुद्धा दुभंगली. कॉफीच्या मोठ्या मळ्यांना प्रमाणपत्र द्यावे की ते लहान उत्पादकांच्या सहकारी संस्थांपुरतेच राखावे, या वादात २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील संस्था आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली.

पायवाट

‘एक’ या शब्दावरचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो मी मागे घेते. महासंघाची घाई करू नये हेही मान्य आहे. मात्र ‘जमाखर्च’ यांच्या वर्गणीच्या हिशेबावरून हात बांधून बसणे मला पटत नाही. आम्ही चौघांनी मिळून एकच पत्र लिहायचे, त्यात उलाढालीची अट शिथिल करण्याची आणि अर्जात पाचवा पर्याय देण्याची अशा दोनच मागण्या ठेवायच्या, एवढ्यासाठी कार्यालय, सचिव आणि देणगीदार यांपैकी कशाचीही गरज नाही. पुढे संघटना झालीच, तर वर्गणी उलाढालीनुसार असावी आणि मत मात्र प्रत्येकी एकच असावे, म्हणजे मोठ्या सभासदाला आवाज विकत घेता येणार नाही.

जमाखर्च

पत्राला माझा विरोध नाही. परंतु मूळ प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही, म्हणून विचारतो. आपण सारे जण ‘आवाज’ म्हणत आहोत तो कोणाचा, व्यवसाय चालवणाऱ्यांचा की ज्यांच्यासाठी तो व्यवसाय चालतो त्यांचा?

१९७२ मध्ये इला भट्ट यांनी स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा या स्त्रियांना मालकच नाही, मग ही कामगार संघटना कशी, असा आक्षेप घेतला गेला. रकान्यात न बसण्याची अडचण, तर ती हीच. पण तेथे सभासद म्हणून त्या स्त्रिया स्वतः होत्या, त्यांचे हितचिंतक नव्हते. घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये जिनिव्हात मंजूर झाला आणि त्यासाठी ‘सेवा’ने व तिच्या सहकारी संघटनांनी झुंज दिली होती. त्या आवाजाला वजन होते ते सभासद त्या स्त्रिया स्वतः होत्या यामुळे.

आपल्या कार्यशाळेतील कारागिरांना ऐकू येत नाही, असे आपणच लिहिले आहे. चौघांच्या बैठकीत त्यांच्यापैकी कोण असेल, आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी कोणी बोलावला आहे का?

अर्धविराम

प्रश्न बोचरा आहे, पण रास्त आहे. आमच्या त्या पाच तासांच्या बैठकीतही असे कोणी नव्हते आणि हे मला आज, लिहिताना लक्षात येत आहे.

पायवाट

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी दुभाषी बोलावला आणि मग कारागिरांसमोर पत्राचा मसुदा ठेवला. उलाढालीची अट त्यांना समजली, तिच्याविषयी त्यांचे काही म्हणणे नव्हते. त्यांचे म्हणणे दुसरेच होते. कार्यालये आमची देयके महिनोन्‌महिने अडकवतात आणि तोवर त्यांची मजुरीही अडकते, हे त्यांनी सांगितले. मजुरी केव्हा मिळेल हे आम्ही त्यांना वेळेवर कळवत नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. सर्वांत ज्येष्ठ कारागिराने मसुद्यातील पहिल्या मागणीवर बोट ठेवले आणि ते सरळ खाली, तिसऱ्या क्रमांकावर नेले.

नव्या मसुद्यात देयके ठरावीक मुदतीत देण्याची मागणी पहिली आहे, पाचवा पर्याय दुसरा आहे आणि उलाढालीची अट तिसरी आहे. मजुरीची तारीख फळ्यावर लिहिण्याची मागणी पत्रात बसत नाही, कारण ती आमच्याकडेच आहे. तो फळा काल लावला. उरलेल्या तीन व्यवसायांना मी मसुदा पाठवला असून त्यांपैकी एकाने कळवले आहे की त्यांच्या कामगारांना विचारण्याची आवश्यकता त्यांना वाटत नाही. त्यांची सही घ्यावी की नाही, यावर मते हवी आहेत.