पहिली-दुसरीच्या वर्गात एक टीव्ही आणि दोन टॅब: नेमकं कसं बसवावं?

खडूफळा

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत, पट २३. ग्रामपंचायतीकडून ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणि दोन टॅब मिळालेत. खोली २० बाय १८ फूट, वर पत्रा, मुलं सतरंजीवर बसतात. नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही दाराजवळच चालतो. दुपारी लाईट जाते. टीव्ही किती उंचीवर लावावा? दीक्षावरचं (सरकारचं शिक्षणाचं अ‍ॅप) साहित्य नेटशिवाय टीव्हीवर कसं दाखवावं? २३ मुलांत दोन टॅबचं काय करावं? आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ लागला की मुलं चिडीचूप, पण संपल्यावर विचारलं तर काहीच सांगता येत नाही.

वायरमन_मास्तर

आधी भिंत. मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टीव्ही ठोकतात, तिथेच फसतं. सतरंजीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असतात. टीव्हीची खालची कड अडीच फुटांवर ठेवा, पहिली रांग सहा फूट मागे. खिडकी टीव्हीच्या समोर नको (काचेत उजेड दिसतो) आणि मागेही नको (डोळ्यांवर येतो). खिडकी बाजूला येईल अशी भिंत निवडा.

आवाज: बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. पत्र्याखाली तो आवाज घुमतो आणि मागच्या रांगेला 'त' आणि 'थ' सारखेच ऐकू येतात. वायरचा साधा स्पीकर मुलांकडे तोंड करून ठेवा. ब्लूटूथ स्पीकरला आवाज किंचित उशिरा पोचतो. गोष्टीला चालेल, टाळ्यांच्या तालावरच्या गाण्याला नाही.

लाईट: संगणकाच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी असते. टीव्ही ८०-१०० वॅट खातो, म्हणजे नवीन असताना फार तर २०-२५ मिनिटं. १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर एवढ्याच लोडवर पाच-सहा तास सहज निघतात, पण तिचं डिस्टिल्ड पाणी बघायचं काम कुणाकडे आहे ते आधी ठरवा. पावसाळ्यात शाळा सुटताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. डिशची वायर असेल तर तीही.

दीक्षा: पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड घरीच स्कॅन करून साहित्य अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवा. ते अ‍ॅपमध्येच राहतं. बाहेर काढलं तर फाइल अ‍ॅपच्या स्वतःच्या प्रकारात निघते, ती दुसऱ्या मोबाइलच्या दीक्षात चालते, टीव्हीच्या पेन ड्राइव्हवर नाही. म्हणून मोबाइलचा पडदाच टीव्हीवर न्या. दोन्हीकडे मिराकास्ट, म्हणजे वायरशिवाय पडदा टीव्हीवर नेण्याची सोय, असेल (कुठे 'कास्ट', कुठे 'स्मार्ट व्ह्यू' नावाने) तर नेट लागत नाही. काही मोबाइलमध्ये ही सोयच नसते, ते आधी तपासा. टाइप-सी ते एचडीएमआय केबल विकत घेण्याआधीही तसंच: स्वस्त मोबाइल बहुधा त्या पोर्टातून चित्र बाहेर देतच नाहीत.

स्वतःचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर देणार असाल तर एमपी४ फाइल, एच.२६४ प्रकारात (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). एच.२६५ची फाइल जुना टीव्ही उघडत नाही, किंवा नुसता आवाज येतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ (जुनी फॉरमॅट पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढत नाही.

आणि पडदा जोडण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. नाहीतर बडबडगीत ऐन रंगात आलेलं असताना 'माहिती तात्काळ सादर करावी' हा मेसेज ४३ इंचात झळकतो.

बालशाळा_ताई

सर, चिडीचूप बसतात म्हणजे बघतायत, शिकतायत असं नाही. सलग आठ मिनिटं व्हिडिओ लावू नका. तीन-चार मिनिटांचा तुकडा निवडा आणि त्यात कुठे थांबायचं ते आदल्या दिवशी पाठाच्या टाचणात लिहून ठेवा.

दुसरीची हातच्याची बेरीज घ्या, २७ + १५. टीव्ही बंद. दोघादोघांत आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरं. दहाचे गठ्ठे बांधून दोन्ही संख्या मांडू द्या. मग व्हिडिओ लावा आणि सुट्या १२ काड्या दिसल्या की थांबवा. 'आता काय करायचं?' उत्तर तोंडी नको. मुलांनी दहा काड्या मोजून रबर लावलं पाहिजे, उरलेल्या दोन बाजूला. सगळ्यांचं झालं की पुढे चालवा. शेवटी टीव्ही पुन्हा बंद, वहीत तसलीच तीन उदाहरणं. रबर लावताना जो अडला, त्याला व्हिडिओ परत दाखवून उपयोग नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा.

पहिलीची मुलं तोंड फिरवून बसणार नाहीतच, तेव्हा त्यांनाही कामाला लावा: पडद्यावरच्या सुट्या काड्या फक्त मोजायच्या.

गोष्टीचा व्हिडिओ असेल तर आधी आवाज बंद करून दाखवा. काय झालं ते मुलं आपल्या बोलीत सांगतात. मग आवाजासकट. क्रम उलटा केला तर निवेदकाचीच वाक्यं परत येतात.

खडूफळा

धन्यवाद दोघांनाही. टॅबवर अक्षरं गिरवायला दिली तर चालेल का?

बालशाळा_ताई

मी तरी देणार नाही. काचेवर बोट घसरतं, पेन्सिलीची पकड येत नाही, आणि कित्येक अ‍ॅप रेघ खालून वर नेली तरी 'शाब्बास' म्हणतात. त्यापेक्षा पाटी, नाहीतर ताटलीत रवा.

अक्षरांचा आकारही बघा. पुष्कळ अ‍ॅपमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. पुस्तकात पाकळीचा ल नि देठाचा श, टॅबवर भलतंच, आणि पहिलीतलं मूल गोंधळतं. स्वतः कार्ड करत असाल तर लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा मराठी निवडा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये आकार आपोआप बदलतो. टीव्हीवर दाखवताना अक्षर दोन इंच उंच हवं, म्हणजे पडद्यावर चार-पाच ओळीच. त्याहून बारीक केलं तर मागून 'कि' आणि 'की' वेगळे ओळखू येत नाहीत.

टॅब वाचनासाठी ठेवा. गुगलचं रीड अलाँग मराठी वाचन ऐकून शब्द तपासतं आणि डाउनलोड केलेल्या गोष्टी नेटशिवाय चालतात. पण ते वर्गाच्या गलक्यात नीट ऐकत नाही, म्हणून टॅब व्हरांड्यात. एका टॅबवर दोघंच, दहा मिनिटं, एक वाचतो, दुसरा शब्दावर बोट ठेवतो. चौघं बसवली तर दोघं धक्काबुक्की करतात. ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांना हे देऊ नका, नुसती चित्रं दाबत बसतात.

वायरमन_मास्तर

टॅबच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' आणि त्यातलाच 'बाहेर पडताना पिन विचारा' हा पर्याय चालू करून हवं ते अ‍ॅप पिन करा, म्हणजे पिन टाकल्याशिवाय मूल त्या अ‍ॅपमधून बाहेर पडत नाही. चार्जिंगच्या भोकात खडूची भुकटी बसते आणि मग चार्जर खराब झाला असं वाटतं. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, टाचणीने नाही. उन्हाळी सुट्टीत पूर्ण चार्ज किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका, निम्म्यावर बंद करून ठेवा, आणि पत्र्याखालच्या कपाटात तर मुळीच नको.