मदत हवी आहे : खलाशाची तक्रार मुंबईला करावी की दिल्लीला?

मंडळी, रत्नागिरीकडच्या आमच्या बंदरावर एका नेपाळी खलाशाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी रात्रभर बसवून मारलं. तळपाय इतके सुजलेत की जाळं ओढायला उभं राहवत नाही. तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणतो, "मिटव, सीझन चालू आहे." (त्याचं काय जातंय!)

१९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार त्याच्या वतीने मी मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करू शकतो, तोही वर्षाच्या आत. मुंबईच्या राज्य आयोगाकडे प्रकरण असेल तर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग हात घालत नाही, म्हणून एकच दार निवडायचंय. आयोग शिफारसच करतो, पण भरपाईची झाली तरी पोराला पुष्कळ.

कोणाला अनुभव? सरकारी दवाखान्याचा केसपेपर पुरतो का? आणि १ जूनला मासेमारी बंद झाली की तो गावी जाणार, मग जबाबाचं काय?