वजन गुणिले चार? जाड पेशंटचा शॉक किलोवर काढू नका

धागाकर्ता – ग्रामीण रुग्णालयवाला, वर्धा जिल्हा

काल आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर डिफिब्रिलेटरबद्दल, म्हणजे बिघडलेल्या हृदयाला छातीवरून विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राबद्दल, एक पोस्ट फिरत आली. मजकूर असा: "पेशंट शंभर किलोच्या वर असेल तर २०० जूलचा शॉक वाया जातो. किलोला ४ जूल धरा, आकडा काढा, मग पॅडल ठेवा. खेड्यातल्या डॉक्टरांना हे ठाऊक नसतं, म्हणून जाड पेशंट हातचे जातात." खाली अंगठ्यांची रांग.

शेवटचं वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

जूल म्हणजे शॉकच्या ऊर्जेचं माप, पॅडल म्हणजे यंत्राच्या छातीवर दाबायच्या दोन मुठी. किलोला ४ जूल हा लेकरांचा हिशेब आहे. लहान मुलाला पहिला शॉक किलोला २, पुढचा ४. मोठ्या माणसाला असा गुणाकार नाही. ११० किलोच्या माणसाचे ४४० जूल झाले. हा आकडा कुठल्या यंत्रावर आहे? जुन्या मोनोफेजिकची (वीज एकाच दिशेनं सोडणारं यंत्र) हद्द ३६०. बायफेजिकमध्ये (आधी एका, मग उलट दिशेनं सोडणारं) काही कंपन्यांची यंत्रं २०० वरच थांबतात, काहींची ३६० पर्यंत जातात. कंपनीनं सांगितलेला आकडा लावायचा, तो साधारण १२० ते २०० च्या घरात असतो. माहीत नसेल तर यंत्राचा सर्वांत मोठा आकडा.

हा वाद पन्नास वर्षं जुना आहे. १९७४ साली टॅकर आणि गेडीस या संशोधकांनी म्हटलं होतं की वजनदार माणसाला जास्त ऊर्जा लागते. बेलफास्टच्या पँट्रिज यांच्या गटानं ते खोडून काढलं. त्यांच्याकडं जाड माणसंही २०० जूलच्या आसपास परत येत होती. १९८२ मध्ये वीव्हर यांनी १७५ आणि ३२० जूल समोरासमोर ठेवले, तेव्हाही फारसा फरक निघाला नाही. तोही अभ्यास जुन्या मोनोफेजिक यंत्रांवरचा.

हृदयाला खरं तर जूल नव्हे, करंट लागतो. छातीचा अडथळा साधारण ७०-८० ओहम, कुणाचा त्याच्या निम्मा, कुणाचा दीडपट. बायफेजिक यंत्र तो स्वतः मोजतं आणि त्याप्रमाणे शॉक जुळवून घेतं. घाम, केस, सुकलेलं जेल, पॅडलवरचा अर्धवट दाब हे मात्र यंत्राला सुधारता येत नाही.

माझा अनुभव सांगतो. कापूस वेचणीचे दिवस होते. एका जिनिंगमधून पन्नाशीचा माणूस आणला. वजन त्यांच्याच काट्यावर झालेलं, ११२ किलो. मॉनिटरवर व्हीएफ, म्हणजे हृदय ठोके सोडून नुसतं थरथरतंय. दोन शॉक २०० चे, काही नाही. तिसऱ्या वेळी सिस्टरनं त्याच्या छातीवरचा घाम आणि सरकी-धूळ टॉवेलनं खसाखसा पुसली, मी जेल नव्यानं लावलं, पाय रोवून अंगाचा सगळा भार पॅडलवर टाकला. पडद्यावरची वळवळ थांबली आणि सरळ ठोके सुरू झाले. तो माणूस आज बाजारात भेटतो.

नागपूरचा हृदयवाला

खेड्यातल्या डॉक्टरांबद्दलचं वाक्य अपमानास्पदच आहे. किलोचा गुणाकारही चूक. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला चाललात.

डेन्मार्कमध्ये २७६ जणांवर झालेला चेस अभ्यास वाचा. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर) पेशंटना एका गटात थेट ३६०-३६०-३६०, दुसऱ्यात १२५-१५०-२०० असे चढते शॉक. पहिल्या गटात ८८ टक्के ताळ्यावर आले, दुसऱ्यात ६६. हृदयाला जास्त इजा झाल्याचंही दिसलं नाही. मग जाड माणसाला खालून जिना चढवत का न्यायचं? प्रत्येक फसलेला शॉक म्हणजे आणखी एक शॉक.

आणि तुमचा ११२ किलोवाला. तिसरा शॉक किती जूलचा होता?

ग्रामीण रुग्णालयवाला

३६०.

नागपूरचा हृदयवाला

मग पुसल्यामुळं आला की ३६० मुळं, हे तुम्ही कसं ठरवलंत? दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्यात.

ग्रामीण रुग्णालयवाला

ठरवता येत नाही, हे मान्य. पण चेस एट्रियल फिब्रिलेशनवर आहे. ते पेशंट गुंगी देऊन, पोट रिकामं ठेवून, रक्त पातळ करून टेबलावर घेतलेले. तसा पेशंट स्थिर असेल तर आम्ही सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला किंवा तुमच्याकडंच पाठवतो. माझ्या दारात येतो तो व्हीएफ. तिकडचा आकडा उचलून इकडं आणू नका.

इन्चार्ज सिस्टर, यवतमाळकडची

सर, तुम्ही दोघं २०० आणि ३६० वर भांडताय. मागच्या ठिकाणी आमच्याकडं यंत्र होतं कपाटात. कपाटाला कुलूप, चावी इन्चार्जकडं. कारण डेडस्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) सही तिची. हरवलं की वसुली तिच्या पगारातून. मग ती कुलूप लावणार नाही तर काय करणार?

तालुक्याचा सर्जन

म्हणजे पेशंट गेला तरी चालेल, रजिस्टर सांभाळा. हीच वृत्ती जीव घेते, ताई. मी स्वतः रात्री दोन वाजता कपाटाची कडी तोडली आहे.

इन्चार्ज सिस्टर

तोडलीत ना? दुसऱ्या दिवशी तुटलेल्या कडीचा खुलासा कुणी लिहिला? तुम्ही की ड्युटीवरच्या सिस्टरनं? मी २२ वर्षं नोकरी केली. डॉक्टरांनी हलवलेल्या वस्तूंचे खुलासे मी किती लिहिलेत ते मोजायला या. ईसीजी जेलची बाटली रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून घ्यायची तर तीन सह्या लागतात, तोवर सोनोग्राफीचं जेल वापरा म्हणतात.

यंत्रदुरुस्तीवाला

सोनोग्राफीचं जेल नको. त्यातून वीज नीट जात नाही, कातडी भाजते. स्पिरिट तर मुळीच नको, ठिणगीनं पेट घेतं. काहीच नसेल तर सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेली गॉज ठेवा, पण दोन पॅडलच्या मध्ये ओघळ जाऊ देऊ नका, नाहीतर वीज वरच्यावर कातडीवरूनच पळते. जाड माणसाला तेच होतं, जेल पसरून दोन्ही पॅडल जोडली जातात.

दुसरं म्हणजे शॉक ठोक्याशी जुळवणारं सिंक बटण. "शॉक देतच नाही" अशी तक्रार आली की निम्म्या वेळा हेच निघतं. आधीच्या पेशंटला कार्डिओव्हर्जन (ठोक्याशी जुळवून दिलेला शॉक) झालेलं, सिंक चालूच राहिलेलं. व्हीएफमध्ये यंत्राला आर-लाट (ठोक्याचं उंच टोक) सापडत नाही, ते वाट बघत बसतं. मी तेव्हा नवा होतो आणि ते बटण बघायला मला तीन मिनिटं लागली. पेशंट वाचला नाही.

१०८ ॲम्ब्युलन्सचा पायलट (ड्रायव्हर)

मी डाक्टर नाही. तुमी जूल-जूल करून राह्यले, पन लठ्ठ मानूस माडीवरून खाली आनाले किती टाइम लागते थे कोनी लेयलं नाही. जुना वाडा, जिना दीड हाताचा. चौघायनं बाजेवर उचलून आनलं. जिन्यात छाती दाबता येत नाही. खाली आनून शॉक देल्ला तं काय उपेग? आमच्या डाक्टरनं मंग नियमच केला, यंत्र वर न्याचं, पेशंट खाली नाही आनाचा. अन् दाबनारा दर दोन मिनिटाले बदलाचा. जाड मानसाले दाबता दाबता मानूस लय लवकर थकते.

तालुक्याचा सर्जन

हे बरोबर आहे. छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी उतरते.

पण कपाटाबद्दल माझं मत बदलत नाही.

डॉक्टर नसलेला, दारव्ह्याकडचा

मी वाचत होतो, बोलणार नव्हतो. माझे वडील १०५ किलोचे. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ते बोलत होते. मग पडले. चावीवाली जेवायला गेली होती. तिला बोलवायला मी धावत गेलो, क्वार्टरच्या ओट्यावर ती भांडी घासत होती, तशाच ओल्या हातानं पळत आली. चावी लावताना तिचे हात थरथरत होते ते मला अजून दिसतं. तिचा राग मला आला नाही. मला फक्त एवढं विचारायचं होतं की ती चावी भिंतीवर का टांगलेली नव्हती.

इन्चार्ज सिस्टर

दादा, तुमचं वाचून हात थांबले. मी वर जे लिहिलं ते खरं आहे, पण तुम्हाला ते उत्तर होत नाही.

सर्जन साहेब, एक करा. तुमच्या सहीचं पत्र द्या की यंत्र कपाटाबाहेर राहील आणि त्याची जबाबदारी संस्थेची. कुठल्याही सिस्टरला कुलूप लावायची हौस नाही.

तालुक्याचा सर्जन

पत्र देतो. कडीचा खुलासा सिस्टरनंच लिहिला होता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

नागपूरचा हृदयवाला

मूळ प्रश्नावर परत येतो. धागाकर्त्यांना व्हीएफवरचा पुरावा हवा होता. स्टील यांचा २००७ चा बायफेजिक अभ्यास आहे, रुग्णालयाबाहेरच्या २२१ जणांवर. दर वेळी १५० विरुद्ध चढते २००-३००-३६०. ज्यांना एकापेक्षा जास्त शॉक लागले त्यांच्यात चढत्या गटाचे शॉक जास्त लागू पडले. जगण्यात फरक दिसला नाही, हेही लिहितो, नाहीतर तुम्हीच काढाल.

आणि २०२२ चा डोस-व्हीएफ अभ्यास. कॅनडातल्या ओंटारियोच्या ॲम्ब्युलन्स, तीन शॉक फसलेले ४०५ पेशंट. पॅड (पॅडलऐवजी अंगाला चिकटवायचे) जागीच ठेवून शॉक देत राहिले तर जिवंत घरी गेले १३.३ टक्के. एक पॅड पुढं, एक पाठीला लावला तर २१.७. दोन यंत्रांनी लागोपाठ दिले तर ३०.४. तुमच्याकडं दुसरं यंत्र नाही हे मला माहीत आहे. पाठ मात्र प्रत्येक पेशंटला असते.

ग्रामीण रुग्णालयवाला

११० किलोच्या माणसाला कुशीवर वळवून पाठीला पॅड लावायचा, तेही छाती दाबणं चालू असताना, तीन माणसांत. करून बघा एकदा. तरीही मान्य करतो. पहिला शॉक कंपनीच्या आकड्यानं, फसला की यंत्राचा सर्वांत मोठा आकडा, तिसराही फसला की पॅड पुढं-मागं. माझ्या त्या पेशंटला दुसरा शॉक पुन्हा २०० चा द्यायला नको होता. हे लिहायला मला जड जातंय.

पण किलोचा गुणाकार मी मानणार नाही. रात्री कॅज्युअल्टीत वजन विचारत बसलो तर नातेवाईक "असेल नव्वद-शंभर" म्हणतात आणि तेवढ्यात दोन मिनिटं गेलेली असतात.

नागपूरचा हृदयवाला

गुणाकार मीही कुठं मागितला? मागितलं एवढंच की मोठ्या आकड्याला घाबरू नका.

यंत्रदुरुस्तीवाला

कागदावर मोठ्या अक्षरात लिहून यंत्रावर चिकटवा: या यंत्राचा पहिला आकडा, सर्वांत मोठा आकडा, सिंक बंद. यंत्र कायम प्लगमध्ये ठेवा. लोडशेडिंग सुरू झालं की बॅटरी उतरलेली यंत्रं मी सगळ्यात जास्त बघितली आहेत.

इन्चार्ज सिस्टर

आमच्याकडं यंत्र आता क्रॅश कार्टवर (तातडीच्या सामानाची ढकलगाडी) आहे. जुन्या कपाटाची चावी लाल दोरीनं भिंतीला टांगली आहे, कपाटात फक्त जेल आणि रोल. आज सकाळी टेस्ट घेतली, पट्टी नीट निघाली. कागदाचा रोल संपत आलाय, त्याची मागणी टाकली आहे, दोन सह्या झाल्या.